विंबल्डन पुरुष एकेरी अजिंक्यपद स्पर्धा, १८७७

विंबल्डन पुरुष एकेरी अजिंक्यपद स्पर्धा, १८७७ : लॉन टेनिस (हिरवळीवरील टेनिस) या खेळाची पहिली अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा म्हणून सामान्यतः मानली जाणारी स्पर्धा. लंडनच्या नैर्ऋत्येकडील विंबल्डन या उपनगरात, वर्पल रोडवरील मैदानावर ती ९ ते १९ जुलै १८७७ या काळात झाली. ‘ऑल इंग्लंड क्रोके अँड लॉन टेनिस क्लब’ या संस्थेने ती भरविली होती. तीत पुरुष एकेरी हा एकच प्रकार होता. बावीस खेळाडूंनी नावे नोंदविली आणि स्पेन्सर गोर हा सत्तावीस वर्षांचा खेळाडू विजयी ठरला. खेळाच्या दर्जाच्या दृष्टीने ही स्पर्धा सामान्यच म्हणावी लागेल. तिचे खरे महत्त्व नियमांच्या इतिहासात आहे. तोपर्यंत लॉन टेनिस या एका नावाखाली तीन-चार निरनिराळे खेळ खेळले जात होते. क्रीडांगणाचा आकार, जाळ्याची उंची आणि गुण मोजण्याची रीत यांबाबत कोणाचेच एकमत नव्हते. या स्पर्धेसाठी जे नियम घाईघाईने तयार करण्यात आले, त्यांचा सांगाडा आजही कायम आहे. शिवाय नियमकर्त्यांनी स्पर्धेतील निकालांची मोजदाद केली आणि तिच्या आधारे पुढील पाच-सहा वर्षे ते नियम दुरुस्त करीत राहिले. खेळाच्या इतिहासात असा प्रकार विरळाच आढळतो.

जुने टेनिस हा चार भिंतींच्या आत खेळावयाचा राजदरबारी खेळ होता. फ्रान्समध्ये व इंग्लंडमध्ये तो कित्येक शतके चालत आला होता. त्याला लागणारे बंदिस्त क्रीडागार अतिशय खर्चाचे असे. त्याचा चेंडू कापडाच्या चिंध्या घट्ट आवळून केलेला असल्याने फरशीवर उसळे, पण गवतावर उसळत नसे. हा खेळ उघड्या मैदानावर येण्यास एकोणिसाव्या शतकातील दोन शोध उपकारक ठरले. एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) मिळविले, तर चार्ल्स गुडइयरच्या व्हल्कनीकरण प्रक्रियेमुळे १८४० नंतर टिकाऊ व लवचिक रबरी चेंडू तयार करणे शक्य झाले. दरम्यान लाकडी चेंडू मोगरीने टोलवून कमानींतून नेण्याचा क्रोके हा खेळ इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत अतिशय लोकप्रिय झाला होता. त्यासाठी सपाट, तासलेली हिरवळ घरोघरी तयार झाली. लॉन टेनिसला मैदान मिळाले ते अशा रीतीने क्रोकेकडून.

उघड्यावरील टेनिसचे जनकत्व कोणाकडे जाते, हा वादाचा विषय आहे. बर्मिंगहॅमजवळील एजबॅस्टन येथे हॅरी जेम हा वकील आणि ऑगुरिओ पेरेरा हा त्याचा व्यापारी मित्र १८६० च्या सुमारास असा खेळ खेळत असत आणि पुढे लेमिंग्टन येथे त्यांनी त्यासाठी मंडळही स्थापन केले. तथापि खेळाचा प्रसार केला तो मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड याने. फेब्रुवारी १८७४ मध्ये त्याने ‘स्फेरिस्टिके’ या ग्रीक वळणाच्या नावाने आपल्या खेळाचे एकस्व घेतले आणि जाळे, खांब, रॅकेटी व चेंडू एका पेटीत घालून ती पाच गिनींना विकण्यास प्रारंभ केला. नाव लोकांच्या तोंडी बसले नाही, पण पेट्या खपल्या. विंगफील्डचे क्रीडांगण वाळूच्या घड्याळासारखे, म्हणजे जाळ्यापाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद होते. त्याच्या खेळात पंधरा गुणांचा डाव असे आणि केवळ सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. पेट्यांच्या इतर विक्रेत्यांनी आपापली मापे व आपापले नियम काढले. त्यामुळे एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावी गेला, तर तेथला खेळ त्याला नव्यानेच शिकावा लागे.

हा गोंधळ आवरण्याचा पहिला प्रयत्न क्रिकेटची नियामक संस्था मेरिलबोन क्रिकेट क्लब (एम.सी.सी.) हिने केला. जुने टेनिस व रॅकेट्स हे खेळ तिच्या लॉर्ड्‌स मैदानावर खेळले जात असल्याने तिच्याकडे हा अधिकार ओघानेच आला. १८७५ मध्ये तिने जी नियमावली प्रसिद्ध केली, तीत वाळूच्या घड्याळाचा आकार आणि पंधरा गुणांचा डाव या दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या होत्या. नियमावलीने एकवाक्यता आली, पण समाधान झाले नाही. खेळाला अधिक उपयोगी पडली ती जे. एम. हीथकोट या नामांकित टेनिसपटूची एक घरगुती क्लृप्ती. उघडा रबरी चेंडू हलका व बेभरवशाचा वाटल्याने त्याने त्यावर फ्लॅनेलचे आवरण शिवून पाहिले. चेंडूला वजन आले आणि तो रॅकेटीवर नीट बसू लागला.

विंबल्डनची संस्था १८६८ मध्ये ‘ऑल इंग्लंड क्रोके क्लब’ या नावाने स्थापन झाली. द फील्ड या साप्ताहिकाचा संपादक जॉन हेन्री वॉल्श हा तिच्या संस्थापकांपैकी एक असून संस्थापनेची बैठकही त्याच्याच कार्यालयात झाली. पुढील वर्षी संस्थेने वर्पल रोडवरील सु. चार एकर जागा भाड्याने घेतली. १८७५ मध्ये हेन्री जोन्स या सदस्याच्या सूचनेवरून हिरवळीचा एक भाग लॉन टेनिससाठी राखून ठेवण्यात आला. दोनच वर्षांत हा नवा खेळ इतका वाढला, की एप्रिल १८७७ मध्ये संस्थेच्या नावातच त्याचा समावेश करावा लागला. मैदानावरून फिरवावयाचा, तट्टाने ओढला जाणारा रूळ नादुरुस्त झाला होता आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करावे म्हणून स्पर्धेची कल्पना निघाली, असे परंपरेने सांगितले जाते. ९ जून १८७७ च्या द फील्ड मध्ये स्पर्धेची जाहिरात आली. स्पर्धा सर्व हौशी खेळाडूंना खुली होती आणि प्रवेशशुल्क एक गिनी (२१ शिलिंग) होते. खेळाडूंनी आपापली रॅकेट व टाचा नसलेले बूट आणावयाचे होते. विजेत्यास बारा गिनी किंमतीचे पारितोषिक आणि द फील्ड च्या मालकांनी दिलेला पंचवीस गिनींचा रौप्यचषक ठेवण्यात आला होता. ‘सर्व हौशी खेळाडू’ या शब्दांची व्याप्ती मात्र वाटते तेवढी नव्हती. कामाच्या दिवशी दुपारी खेळावयास येणे ज्यांना शक्य होते, असाच वर्ग त्यांत अभिप्रेत होता.

नियम ठरविण्याचे काम जूलियन मार्शल, चार्ल्स गिल्बर्ट हीथकोट आणि हेन्री जोन्स या तिघांच्या समितीकडे सोपविण्यात आले. मार्शल हा जुन्या टेनिसचा इतिहासकार होता. हीथकोट हा वर उल्लेखिलेल्या जे. एम. हीथकोटचा भाऊ होय. जोन्स हा व्यवसायाने वैद्य, पण त्याची कीर्ती निराळ्याच क्षेत्रातली होती. ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने तो पत्त्यांतील व्हिस्ट या खेळावर लिहीत असे आणि त्या खेळातील त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. नियमांतील लहानसा फरकही खेळाचे स्वरूप कसे पालटतो, याची त्याला पक्की जाण होती. या समितीने एम.सी.सी.ची नियमावली जवळजवळ बाजूस सारली. क्रीडांगण आयताकृती, २३·७७ मी. (७८ फुट) लांब व ८·२३ मी. (२७ फुट) रुंद असावे, असे तिने ठरविले. एकेरीसाठी हीच मापे आजही चालू आहेत. पहिली सर्व्हिस चुकल्यास दुसरी संधी देण्यात आली. रेषेवर पडलेला चेंडू ग्राह्य मानण्यात आला. जाळ्याची उंची खांबांपाशी १·५२ मी. (५ फुट) आणि मध्यभागी ०·९९ मी. (३ फुट ३ इंच) ठरली. सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून ७·९२ मी. (२६ फुट) अंतरावर आखण्यात आली.

समितीचा सर्वांत दूरगामी निर्णय गुणगणनेचा होता. तिने पंधरा गुणांचा सलग डाव टाकून जुन्या टेनिसमधील पंधरा, तीस, चाळीस ही रीत स्वीकारली. वरवर पाहता ही रीत विचित्र व अडचणीची वाटते आणि त्या काळी तिच्यावर तशी टीकाही झाली. परंतु तिच्यामुळे खेळाची घडण बदलली. पहिल्या पद्धतीत सर्व्हिस हाती नसलेला खेळाडू कितीही चांगला खेळला, तरी त्याच्या खात्यावर काहीच जमा होत नसे. नव्या पद्धतीत प्रत्येक चेंडू दोघांनाही सारखाच मोलाचा झाला. डाव लहान लहान गेममध्ये विभागला गेल्याने मागे पडलेल्या खेळाडूस पुनःपुन्हा नव्याने प्रारंभ करण्याची संधी मिळू लागली. सहा गेमचा सेट आणि पाचांपैकी तीन सेट जिंकणारा विजयी, असे ठरले. पाच-पाच गेम झाल्यास पुढच्या एकाच गेमवर सेटचा निकाल लावावयाचा होता. केवळ अंतिम सामन्यात दोन गेमची आघाडी आवश्यक होती. ही तरतूद लवकरच मागे पडली आणि लांबत जाणाऱ्या सेटना कोणतीच मर्यादा उरली नाही. १९७१ मध्ये विंबल्डनला टायब्रेकर आला, तेव्हा मूळ समितीने ओळखलेली अडचणच सु. शंभर वर्षांनी पुन्हा सोडविली गेली. तीही अर्धवटच, कारण निर्णायक सेटला हा नियम २०१९ पर्यंत लागू नव्हता. २०१० मध्ये जॉन इस्नर व निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालून अखेरचा सेट ७०–६८ असा संपला, तो याच त्रुटीमुळे.

सोमवार, ९ जुलै रोजी सामने सुरू झाले. नाव नोंदविलेल्यांपैकी एक जण आलाच नाही; प्रत्यक्षात एकवीस जण खेळले. बहुतेक खेळाडू जुन्या टेनिसच्या किंवा रॅकेट्सच्या सरावातून आलेले होते आणि प्रत्येक जण आपल्या मूळ खेळाचे फटके हिरवळीवर वापरून पाहत होता. सर्व्हिस सामान्यतः खालून किंवा खांद्याच्या पातळीवरून आडव्या हाताने केली जाई. डोक्यावरून सर्व्हिस करणारा ए. टी. मायर्स विंबल्डनला दिसला तो पुढच्या वर्षी. बावीस या संख्येमुळे फेऱ्यांची विभागणी सम होत नव्हती. शेवटी तीनच खेळाडू उरले : गोर, चार्ल्स गिल्बर्ट हीथकोट आणि विल्यम मार्शल. स्वतः नियम करणारा हीथकोट स्पर्धकही होता, ही गोष्ट त्या काळी कोणालाच खटकली नाही. जोन्स हा तर स्पर्धेचा मुख्य पंच होता. विल्यम मार्शलला उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत प्रवेश मिळाला, तर गोरने हीथकोटचा ६–२, ६–५, ६–२ असा पराभव केला. यातील ६–५ हा आकडा वर सांगितलेल्या एका गेमच्या निर्णयाची खूण आहे. बाद पद्धतीतील अशा उणिवांवर पुढे बरीच चर्चा झाली. ल्यूइस कॅरल या नावाने प्रसिद्ध असलेला गणितज्ञ चार्ल्स डॉजसन याने १८८३ मध्ये याच प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली. बाद पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक बहुधा भलत्यालाच मिळते, असे त्याचे गणिती प्रतिपादन होते.

यानंतर स्पर्धा थांबविण्यात आली. शुक्रवार-शनिवारी लॉर्ड्‌सवर ईटन व हॅरो या दोन शाळांचा वार्षिक क्रिकेट सामना होता आणि त्यापुढे टेनिसच्या अंतिम सामन्याला कोणीही येणार नाही, हे चालकांनी गृहीतच धरले होते. सोमवारी, १६ जुलैला पाऊस आला. अखेर गुरुवार, १९ जुलै रोजी रिमझिम चालू असतानाच ओल्या मैदानावर अंतिम सामना झाला. प्रत्येकी एक शिलिंग देऊन सु. दोनशे प्रेक्षक आले होते. बसण्याची सोय म्हणजे सु. तीस जणांपुरता फळ्यांचा एक तात्पुरता मंच. गोरने मार्शलचा ६–१, ६–२, ६–४ असा पराभव केला. सामना अवघा ४८ मिनिटे चालला. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकासाठी मार्शलने हीथकोटला ६–४, ६–४ असे हरविले. मार्शल हा वास्तुशिल्पज्ञ असून केंब्रिजला असताना जुने टेनिस खेळलेला होता. चेंडू एकदा जमिनीवर पडू देऊन मग तो शांतपणे, तिरकस कापून परतविण्याची त्याची रीत त्या खेळाला साजेशी होती. हॅरो या शाळेत शिकलेला, रॅकेट्स व क्रिकेट खेळलेला गोर मात्र चेंडू पडण्याची वाटच पाहत नसे. तो जाळ्याजवळ येऊन उभा राही आणि चेंडू हवेतच टोलवी (व्हॉली). मनगटाच्या हालचालीने तो चेंडू कधी या कोपऱ्यात, तर कधी त्या कोपऱ्यात टाकी.

गोरचे यश त्याच्या कौशल्याइतकेच जाळ्यामुळेही होते. दोन्ही कडांना जाळे जवळजवळ माणसाच्या खांद्याइतके उंच आणि मध्यभागी कमरेच्या आसपास होते. त्यामुळे कडेच्या रेषेला समांतर असा सरळ व सपाट फटका मारणे फार अवघड असे. बहुतेक चेंडू मध्यावरूनच जात. म्हणून मध्याजवळ उभा राहिलेला लांब हातांचा खेळाडू जवळजवळ सर्वच चेंडू अडवू शके. नियमकर्त्यांनी कल्पना केली नव्हती असा हा परिणाम होता. तो एका खेळाडूने दहा दिवसांत उघड करून दाखविला.

स्पर्धा संपल्यावर जोन्सने पंचांच्या गुणपत्रिका एकत्र करून त्यांचे विश्लेषण केले. एकूण ६०१ गेमपैकी ३७६ गेम सर्व्हिस करणाऱ्याने, तर २२५ गेम प्रतिस्पर्ध्याने जिंकल्याचे त्याला आढळले. हे प्रमाण सु. पाचास तीन पडते. आजच्या व्यावसायिक खेळाच्या मानाने सर्व्हिसचे हे वर्चस्व सौम्यच म्हटले पाहिजे. जोन्सला मात्र ते अवाजवी वाटले. सर्व्हिसच्या रेषेमागे केवळ १३ फुट जागा उरत असल्याने खोलवर टाकलेली सर्व्हिस परतविणाऱ्याला अगदी मागे रेटीत असे. म्हणून १८७८ मध्ये ही रेषा जाळ्याच्या दिशेने सरकवून २२ फुटांवर, तर १८८० मध्ये २१ फुटांवर आणण्यात आली. ती आजही तेथेच आहे. जाळ्याची उंची १८७८ मध्ये खांबांपाशी ४ फुट ९ इंच व मध्यभागी ३ फुट झाली. १८८० मध्ये खांबांपाशी ती ४ फुट झाली आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ३ फुट ६ इंच या सध्याच्या मापावर स्थिरावली. मूळ मैदानाची लांबी-रुंदी मात्र बदलावी लागली नाही. मत, प्रतिष्ठा वा परंपरा यांच्या बळावर नियम ठरविण्याच्या त्या काळात जोन्सने आकड्यांना दिलेले हे स्थान विशेष उल्लेखनीय होय.

गोरच्या डावपेचाला मैदानावरचे उत्तरही लवकरच मिळाले. १८७८ पासून गतविजेत्याने केवळ आव्हानवीराशी एकच सामना खेळावयाचा, अशी ‘चॅलेंज राउंड’ची पद्धत सुरू झाली. त्या वर्षी चौतीस खेळाडूंतून पुढे आला तो फ्रँक हॅडो. तो सिलोनमध्ये (श्रीलंकेत) कॉफीचा मळेवाला होता आणि रजेवर मायदेशी आला होता. जाळ्याजवळ ठाण मांडून बसलेल्या गोरच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकण्याचा (लॉब) साधा उपाय त्याने योजिला आणि ७–५, ६–१, ९–७ असा विजय मिळविला. गोर जाळ्यापलीकडे रॅकेट नेऊन चेंडू मारतो, यावरूनही या सुमारास वाद झाला आणि पुढे असा फटका बाद ठरविणारा नियम करण्यात आला. हॅडो संपूर्ण स्पर्धेत एकही सेट हरला नाही. तो सिलोनला परत गेला आणि अजिंक्यपद राखण्यासाठी पुन्हा कधीच खेळला नाही. १८७९ मध्ये जॉन हार्टली हा धर्मोपदेशक विजेता ठरला. मधल्या रविवारी आपल्या यॉर्कशरमधील चर्चमध्ये प्रवचन देण्यासाठी त्याला स्पर्धा सोडून जावे लागले होते. हार्टलीचा खेळ मागे राहून चेंडू परतविण्याचा होता. व्हॉलीवर बंदी घालावी, अशी मागणीही त्या वर्षांत होत होती. ती मान्य झाली नाही, हे खेळाचे भाग्य. १८८१ मध्ये विल्यम रेनशॉने हार्टलीला ६–०, ६–१, ६–१ असे सहज हरविले. जाळ्याजवळची व्हॉली आणि डोक्यावरून मारलेला जोरदार फटका यांची सांगड घालून त्याने एकूण सात अजिंक्यपदे मिळविली. जाळे खाली आल्याने कडेच्या रेषेलगतचा फटका सुलभ झाला होता. तेव्हा गोरचा डावपेच जसाच्या तसा उपयोगाचा राहिला नव्हता. त्याला वेगाची व ताकदीची जोड आवश्यक झाली होती.

पहिल्या स्पर्धेत संस्थेला सु. दहा पौंड नफा झाला. स्त्रियांची एकेरी स्पर्धा डब्लिन येथे १८७९ मध्येच होऊ लागली होती. विंबल्डनला मात्र ती १८८४ मध्ये सुरू झाली आणि मॉड वॉटसन पहिली विजेती ठरली. चॅलेंज राउंड १९२२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी स्पर्धा चर्च रोडवरील विस्तृत जागेत गेली. १८७७ च्या जाहिरातीतील ‘हौशी’ ही अट सर्वांत दीर्घकाळ टिकली. व्यावसायिक झालेल्या खेळाडूंना तिच्यामुळे कित्येक वर्षे विंबल्डनचे दरवाजे बंद राहिले. ती १९६८ मध्ये उठविण्यात आली, तेव्हा पुरुष एकेरीचा विजेता रॉड लेव्हर यास दोन हजार पौंडांचे रोख पारितोषिक मिळाले [⟶ टेनिस].

गोरला स्वतःला या खेळाविषयी फारसे प्रेम नव्हते. तो जमिनींच्या मालमत्तेचा व्यवस्थापक व मोजणीदार होता आणि क्रिकेट हाच त्याचा आवडता खेळ राहिला. १८९० मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्याने लॉन टेनिसमध्ये विविधता नाही आणि क्रिकेट वा रॅकेट्समध्ये चांगली गती असलेला कोणी या खेळाकडे मनापासून वळणार नाही, अशा अर्थाचे मत मांडले. १९०६ मध्ये त्याचे निधन झाले. त्याचा मुलगा स्पेन्सर फ्रेडरिक गोर हा इंग्लंडमधील नामवंत चित्रकार व ‘कॅम्डन टाउन ग्रूप’ या चित्रकारसंघाचा पहिला अध्यक्ष होता. हॅडोला मात्र दीर्घायुष्य लाभले. १९२६ मध्ये विंबल्डनच्या सुवर्णमहोत्सवात हयात विजेत्यांना पदके देण्यात आली, तेव्हा तो त्या समारंभास उपस्थित होता. वर्पल रोडवरील मूळ मैदान आता विंबल्डनमधील मुलींच्या एका शाळेचे क्रीडांगण आहे.